ब्रेस्ट लिफ्ट केली : मेडिक्लेमने काय उत्तर दिलं आणि टाके कसे भरले

ज्यांना फक्त उत्तर पाहिजे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, नुसत्या ब्रेस्ट लिफ्टला, म्हणजे ओघळलेली छाती वर उचलायच्या ऑपरेशनला, मला मेडिक्लेममधून एक रुपया मिळाला नाही, आणि टाक्यांची खूण कधीच शंभर टक्के जात नाही. ज्यांना सविस्तर पाहिजे त्यांनी पुढे वाचा, कारण ह्या दोन्ही गोष्टींत बरंच काही आहे जे आमच्या जळगाव-अमळनेरकडे कोणी बाई मोकळेपणी बोलत नाही आणि नेटवर शोधलं तर सगळं अमेरिकेतलं निघतं, तिथले कायदे आपल्याला काय कामाचे.

मी अमळनेरची, वय चाळिशीच्या पुढे. दोन सिझर, दोन्ही पोरांना वर्षाच्या वर अंगावर पाजलं, नंतर थायरॉइड, त्यात वजन वाढलं, मग शुगर बॉर्डरवर आली म्हणून डॉक्टरांनी धमकावलं तेव्हा ते वजन उतरवलं. वजन उतरलं ते चांगलंच झालं पण छातीतलं भरलेपण गेलं आणि कातडी तेवढीच राहिली. दिसण्याचं दुःख नव्हतं असं खोटं बोलणार नाही, होतंच, पण त्याहून जास्त त्रास उन्हाळ्याचा होता. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, छातीखालच्या घडीत घाम साचून साचून कातडी लाल, ओलसर, मग खाज, मग फंगस. स्किनच्या डॉक्टरांकडून क्रीम-पावडर आणायची, बरं व्हायचं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. सुती कापडाच्या घड्या घालून बसायचे मी घरात. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणे, "ह्या वयमा कसाले कापाकापी करस व माय, चांगली त शे." राग नाही आला, त्यांच्या पिढीत छातीचं दुखणं कोणाला दाखवायचं असतं हेच माहीत नव्हतं.

जळगावला प्लास्टिक सर्जन आहेत, मुंबई-पुण्याला जायची गरज पडली नाही. पहिल्या भेटीत सरांनी (नर्स सोबत होती, ते बरं वाटतं) टेप घेऊन गळ्याच्या खालच्या खळगीपासून निपलपर्यंत अंतर मोजलं. साधारण 19 ते 21 सेंमी असतं म्हणे, माझं 28 भरलं. निपल छातीखालच्या घडीच्या किती वर किंवा किती खाली आहे त्यावरून ग्रेड पाडतात, घडीच्या लेव्हलला असेल तर पहिली, खाली गेलं तर दुसरी, आणि अगदी खालच्या टोकाला जाऊन जमिनीकडे बघत असेल तर तिसरी. माझी तिसरी. हे सांगायचं कारण असं की ग्रेडवरून टाके किती लांब येणार ते ठरतं, त्याच्यावर पुढे येतेच.

आधी पैशाचं.

आमच्याकडे दोन पॉलिसी, ह्यांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आणि आमची स्वतःची फॅमिली फ्लोटर, म्हणजे घरातल्या सगळ्यांची मिळून एक. मला वाटलं होतं एक नाही तर दुसरी देईल. पण आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, 2019 मध्ये एक्स्क्लूजनची, म्हणजे कशाचे पैसे मिळणार नाहीत त्या कलमांची, भाषा सगळ्या कंपन्यांना सारखी करून दिलेली आहे, फ्लोटरच्या पुस्तिकेत मागच्या बाजूला बारीक अक्षरात "Excl08" का "एक्स्क्लूजन 08" असं काहीतरी दिसलं की तिथे थांबून वाचा. त्यात लिहिलेलं असतं की कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा, दिसणं बदलायच्या कुठल्याही उपचाराचा खर्च मिळणार नाही, अपवाद फक्त अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरच्या रिकन्स्ट्रक्शनचा (बिघडलेला भाग पुन्हा घडवण्याचा), नाहीतर तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल आणि तो काढायला हे ऑपरेशन गरजेचं आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून दिलं असेल तर. आमच्या ग्रुप पॉलिसीतही हाच मजकूर निघाला. म्हणजे दार अगदी बंद नाहीये, फट आहे, पण त्या फटीतून काय जातं ते बघा.

सरांनी कागद खरे दिले. लिफ्टबरोबर खालचा थोडा भागही काढावा लागणार, घडीतलं वारंवार होणारं इन्फेक्शन, मानेचं आणि पाठीचं दुखणं, सगळं लिहिलं. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरून प्रीऑथ, म्हणजे ऑपरेशनआधी मंजुरी मागणारा अर्ज, गेलं, सोबत स्किनच्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या, फोटो, पाठीचा एक्सरे. तिकडून क्वेरी आली, उपचार किती काळ घेतले, बीएमआय किती, आणि दोन्ही बाजूंनी मिळून किती ग्रॅम काढणार. इथेच माझी केस फसली. रिडक्शनमध्ये, म्हणजे जड छाती लहान करायच्या ऑपरेशनमध्ये, एकेका बाजूने शेकड्याने ग्रॅम टिश्यू निघतो, ओझं कमी होतं, त्याला वैद्यकीय कारण दाखवता येतं. अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्या तर अंगाच्या आकारमानाप्रमाणे कमीत कमी किती ग्रॅम निघाले पाहिजेत त्याचा तक्ताच लावतात, आपल्या त्या एक्स्क्लूजनमध्ये ग्रॅमचा आकडा कुठे नाही पण विचारतात मात्र. लिफ्टमध्ये निघते ती मुख्यतः कातडी. तिचं वजन ते किती. सरांनी जो अंदाज लिहिला तो इतका थोडा की वाचणाऱ्याला लगेच कळावं बाई लिफ्ट करायला आलीये.

उत्तर लवकर आलं, ते मानलं पाहिजे, 2024 पासून कॅशलेसच्या रिक्वेस्टवर तासाभरात निर्णय द्यायचा नियमच आहे, आमची क्वेरी-उत्तर धरून त्याच दिवशी संध्याकाळी. तीन ओळी. एक्स्क्लूजन 08, सबब नामंजूर.

आणि एक गंमत, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नाही. हॉस्पिटलने जे एस्टिमेट दिलं होतं त्याच्या तळाला 18 टक्के जीएसटी लावलेला होता. एरवी दवाखान्याच्या उपचाराला जीएसटी नसतो, पण कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी त्या माफीतून बाहेर आहे, जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा अपघात ह्यामुळे बिघडलेलं नीट करायचं असेल तरच माफी. म्हणजे माझ्याच फाइलीत एक कागद म्हणतोय वैद्यकीय गरज आणि दुसरा कागद जीएसटी लावून म्हणतोय कॉस्मेटिक. इन्शुरन्सवाल्याने तेवढंच बघितलं असेल तरी त्याला पुरे. रिडक्शन करणाऱ्यांनी हे आधी बिलिंगला विचारून घ्या की तुम्ही टॅक्स लावणार का आणि का, कारण नंतर क्लेम लढवताना तोच कागद तुमच्या विरोधात उभा राहतो.

मग आले आमचे एजंट भाऊ. ओळखीतले आहेत, मन वाईट नाही, ते म्हणाले, "वहिनी, त्यात काय एवढं, गाठ दाखवून टाकू, गाठ काढली असं लिहून घ्या, पास होऊन जाईल." दोन दिवस मी खरंच विचार करत होते, कारण रक्कम लहान नव्हती, दीड लाखाच्या आसपास आणि वरून टॅक्स. सरांना घाबरत घाबरत विचारलं. ते हसले नाहीत की चिडले नाहीत, एवढंच म्हणाले की गाठ लिहिली तर गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट लागणार, तो कुठून आणणार, आणि उद्या तुम्हाला देव न करो खरंच गाठ झाली तर ह्या खोट्या कागदावरून तुमचा खरा क्लेम अडकेल. घरी येऊन पुस्तिका बघितली तर बरोबर होतं, पॉलिसी सलग 5 वर्षं चालू राहिली की जुना आजार लपवला म्हणून क्लेम उडवता येत नाही, पण फ्रॉड सिद्ध झालं तर ते संरक्षण नाही. चाळिशीनंतर मेडिक्लेम घालवून बसणं मला परवडणारं नव्हतं. एजंट भाऊंना सांगितलं नको.

तक्रारीचा रस्ता असतो तोही सांगते कारण मी तो वापरला नाही पण आमच्या नणंदबाईंनी वापरला. आधी कंपनीच्या ग्रिव्हन्स सेलला लेखी, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, खान्देशला पुण्याचं ऑफिस लागतं, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या शेवटच्या नकारानंतर वर्षभराच्या आत अर्ज करायचा. बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकता येते. मी का नाही गेले तर माझ्या स्वतःच्याच चिठ्ठ्यांवर स्किनच्या डॉक्टरांनी दर वेळी लिहिलंय की क्रीमने बरं झालं. बरं होतंय म्हटल्यावर थेट आणि तातडीचा धोका कुठून दाखवणार. भांडायला जागा पाहिजे ना.

नणंदबाईंचं वेगळं. त्या धुळ्याच्या, त्यांना ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, स्तन वाचवून गाठ काढली, मग रेडिएशन. रेडिएशनने ती बाजू आकसून घट्ट आणि वर राहते आणि दुसरी वयाप्रमाणे खाली येत जाते, ब्लाउज शिवताना शिंप्याला काय सांगायचं हाच प्रश्न. त्यांनी एका बाजूचं रिकन्स्ट्रक्शन आणि दुसऱ्या बाजूची लिफ्ट एकाच वेळी केली. कंपनीने कॅन्सरची बाजू दिली आणि दुसऱ्या बाजूचे पैसे कॉस्मेटिक म्हणून कापले. अमेरिकेत 1998 च्या कायद्यात दुसऱ्या बाजूची सर्जरीसुद्धा धरलीच पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय, आपल्याकडे शब्द फक्त "कॅन्सरनंतरचं रिकन्स्ट्रक्शन" एवढेच, पण एकच बाजू असंही कुठे लिहिलेलं नाही. ताईंच्या सर्जनने पत्र दिलं की दोन्ही बाजू जुळवणं हा रिकन्स्ट्रक्शनचाच भाग आहे, ते पत्र, रेडिएशनचे कागद आणि आधीचे-नंतरचे फोटो लावून ग्रिव्हन्सला पाठवलं आणि लोकपालापर्यंत जायच्या आतच कापलेले पैसे आले. म्हणजे एकाच घरात, त्याच एक्स्क्लूजनवर, लिफ्टच्या त्याच ऑपरेशनला त्यांना होकार आणि मला नकार. ऑपरेशनचं नाव काय ह्याला किंमत नाही, ते कशामुळे करावं लागलं ह्याला आहे.

माझे पैसे भिशीचे आणि एका एफडीचे. भिशी उचलायचा नंबर मुद्दाम दिवाळीनंतरचा घेतला, कारण सरांनी सांगितलंच होतं की उन्हाळ्यात करू नका, घट्ट सर्जिकल ब्रा रात्रंदिवस घालून राहायचं असतं आणि घामाने टाके ओले राहतात. आमच्याकडे थंडीचे दिवस मोजकेच, तेवढ्यात उरकून घ्यायचं.

आता टाके. हे मला इन्शुरन्सपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं कारण पैसे विसरायला होतात.

लिफ्टमध्ये कातडी कापल्याशिवाय वर उचलणं शक्यच नाही, त्यामुळे "बिना टाक्याची लिफ्ट" म्हणणाऱ्या जाहिराती दिसल्या तर पुढे सरका. कमी ओघळलेलं असेल तर निपलच्या भोवतीच्या गडद गोलाच्या कडेने टाके, ते रंगांच्या सीमेवर असल्यामुळे लपतात. मधल्या ग्रेडला गोल आणि त्याखाली घडीपर्यंत उभी रेघ, त्याला लॉलीपॉप म्हणतात. माझ्यासारखं असेल तर ह्याशिवाय घडीत आडवी रेघ, म्हणजे उलटा टी. मी हट्ट धरला होता की मला फक्त गोलाचे टाके पाहिजेत. सरांनी सरळ सांगितलं की करून देऊ शकतो, पण एवढी कातडी नुसत्या गोलात ओढली तर ताण येऊन गोल पसरतो, टाका रुंद होतो आणि आकार चपटा दिसतो, कमी लांबीचा वाईट टाका आणि जास्त लांबीचा बारीक टाका ह्यातलं काय पाहिजे ते तुम्ही ठरवा. उभी रेघ नको वाटत होती पण तीच घेतली.

मग त्यांनी माझ्या खांद्यावरची बीसीजीची खूण बघितली. लहानपणी टोचलेली, आमच्या पिढीच्या सगळ्यांना असते, माझी जरा फुगलेली, चकाकणारी. मग सिझरचा टाका बघितला, तो अगदी सपाट, पांढरी रेघ. मला वाटलं झालं, सिझरचा चांगला आहे म्हणजे हाही चांगलाच भरेल. तसं नसतं. खांदा, छातीचं मधलं हाड आणि कानाची पाळी ह्या जागांना टाका फुगण्याची खोड जास्त, पोटाला कमी, आणि आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त. त्यात दोन प्रकार, हायपरट्रॉफिक म्हणजे टाका जाड होतो पण आपल्या रेघेत राहतो आणि बहुतेक वेळा काळाने बसतो, आणि केलॉइड म्हणजे जखमेची हद्द सोडून बाजूच्या चांगल्या कातडीवर पसरतो, तो आपोआप जात नाही. घरात कोणाला कान टोचल्यावर गोळा आला होता का असं विचारलं. माझ्या आईला नाही, मावशीला हो. मग त्यांनी ठरवलं की घडीतला आडवा टाका मधल्या हाडाकडे शक्य तेवढा आखूड ठेवायचा, कारण तिथलंच टोक जास्त फुगतं.

आणि एक प्रश्न त्यांनी विचारला तो मला फार आवडला. "तंबाखू खाता का" असं नाही, "मिसरी लावता का" असं. आमच्या भागात मिसरीला कोणी तंबाखू धरतच नाही, बाया सरळ नाही म्हणून सांगतात. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि लिफ्टमध्ये निपल त्याच्या खालच्या टिश्यूसकट वर सरकवलेलं असतं, त्याला रक्त कमी पडलं तर काळं पडून झडूही शकतं. ओपीडीत माझ्या बाजूला बसलेल्या पारोळ्याच्या एका काकूंना मिसरी महिनाभर पूर्ण बंद करून या, तोपर्यंत तारीख नाही, असं सांगून परत पाठवलं. काकू बाहेर येऊन मला म्हणे, ऑपरेशनपेक्षा हे कठीण आहे बाई.

ऑपरेशनच्या सकाळी उभं करून मार्करने खुणा केल्या, झोपल्यावर सगळं बाजूला पसरतं म्हणून उभ्यानेच करतात. आधी मॅमोग्राफी झालेली होती, आणि जे काही काढलं ते पॅथॉलॉजीला पाठवलं, हे दोन्ही तुमच्याकडे कोणी सांगितलं नाही तर तुम्ही मागा. ऑपरेशनबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, भूल होती, दुसऱ्या दिवशी घरी. दुखणं मला सिझरपेक्षा कमी वाटलं.

घरी आल्यावर जो त्रास झाला तो टीच्या जोडावर. उभी आणि आडवी रेघ जिथे मिळते तिथे सगळ्यात जास्त ताण आणि सगळ्यात कमी रक्त, त्यामुळे तिथे जखम उघडण्याची शक्यता असतेच, मला सांगितलं होतं तरी ब्रावर पिवळा डाग दिसला तेव्हा हातपाय गार पडले. डावीकडे तुरीच्या दाण्याएवढी फट पडली होती. पुन्हा टाके घालत नाहीत, ड्रेसिंग करत राहायचं, आतून भरून येते. अमळनेर-जळगाव गाडीने ड्रेसिंगला जायचे, हे पिशवी धरायचे कारण मला वजन उचलायला आणि हात डोक्याच्या वर न्यायला बंदी. भरीत पार्ट्यांचे दिवस, सगळे शेतात वांगी भाजतायत आणि मी कळण्याची भाकरी आयती खात बसलेली, जाऊबाईंनी दोन-चार टोमणे मारलेच.

जखम बंद झाल्यावर सिलिकॉन जेल, दिवसातून दोनदा, आणि त्यावर मायक्रोपोर टेप. लगेच नाही लावायचं, खपली पूर्ण गेल्यावरच. आणि हे लिहून ठेवा की टाका आधी चांगला दिसतो, मग बिघडतो. पहिल्या महिन्यात बारीक रेघ होती, मी खुश. तिसऱ्या महिन्याला लाल, कडक, वर आलेली आणि खाजणारी. मला वाटलं केलॉइड झालं. सर म्हणाले शरीर तिथे कोलॅजेन ओततंय, हा काळ असाच असतो, वर्ष ते दीड वर्ष टाका बदलत राहतो, त्याआधी निकाल लावू नका. खरंच सहा महिन्यांनंतर मऊ पडायला लागला. फक्त उजवीकडचं हाडाजवळचं टोक बसेना, तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यावं लागलं. ते इंजेक्शन दुखतं, कोणी नाही म्हणत असेल तर त्याला दिलेलं नाही. त्याचे पैसे मेडिक्लेममध्ये येतील का विचारलं तर डेस्कवरची मुलगी म्हणे मॅडम, मूळ ऑपरेशनच बाहेरचं आहे, त्याच्या टाक्याचं कोण देणार.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी गेले तेव्हा झोक्यावर बसायची परवानगी मिळालेली होती, बसले, पण दोर वर धरून ताणताना छातीत ओढल्यासारखं झालं म्हणून पोरींना दिला झोका. बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) पीठ घाटायचं काम मात्र ह्या वर्षी दुसऱ्यांवर गेलं आणि कोणाला कारण सांगावं लागलं नाही.

आता वर्षाच्या वर झालं. गोलाची रेघ शोधावी लागते. उभी रेघ दिसते, आजूबाजूच्या कातडीपेक्षा गडद, सपाट. घडीतली आडवी झाकलेली असते. निपलची जाणीव डावीकडे पूर्ण आली, उजवीकडे थोडी कमी आहे. ह्या उन्हाळ्यात एकदाही फंगसची क्रीम आणली नाही. वजन पुन्हा वाढवलं-उतरवलं तर कातडी पुन्हा सैल पडेल हेही सांगितलेलं आहे, लिफ्ट म्हणजे वयाला कुलूप नाही.

माझी चुलत बहीण विचारतेय आता, तिचं खरं रिडक्शनचं प्रकरण आहे, खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे खड्डे पडलेत. तिला मी सांगितलं, आधी हाडाच्या डॉक्टरांकडून आणि स्किनच्या डॉक्टरांकडून दर वेळची चिठ्ठी घे, तोंडी सल्ला नको, क्रीम घेऊनही पुन्हा पुन्हा होतं हे त्यांना लिहायला लाव, फोटो तारखेसकट ठेव, सर्जनला ग्रॅमचा अंदाज लिहून माग, बिलिंगला टॅक्सचं विचार आणि मगच प्रीऑथ पाठव. ती म्हणे उन्हाळी सुट्टीत करून टाकते, पोरांची शाळा नसते. मी म्हटलं दिवाळीनंतर ये, तोपर्यंत कागद तरी होतील.